आवाजाचं वजन

इस्ट्रोजेन सुरू केल्यावर ट्रान्स स्त्रीच्या शरीरात काही महिन्यांत बदल दिसू लागतात. कातडी मऊ होते, चरबी वेगळ्या जागी साठते, स्तनांची वाढ सुरू होते, अंगावरची लव विरळ होत जाते. आवाज मात्र जिथल्या तिथे राहतो. पाच वर्षं हार्मोन घेतले तरी तो चढत नाही. ज्यांनी आरशात स्वतःला हळूहळू ओळखायला सुरुवात केलेली असते, त्यांना फोनवर बँकेचा माणूस पहिल्याच वाक्याला ‘सर’ म्हणतो, आणि खातं एका बाईच्या नावावर असल्यामुळे पुढे ओळख पटवण्याचे चार प्रश्न जास्त विचारतो.

याचं कारण वयात येण्याच्या काळात दडलेलं आहे. मुलाचा कंठ फुटतो तेव्हा टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्राची कूर्चा वाढते, पुढच्या बाजूला कंठमणी दिसू लागतो आणि आतले स्वरतंतू लांब व जाड होतात. स्वरतंतूंचा जो भाग प्रत्यक्ष थरथरतो, तो प्रौढ पुरुषात सुमारे 16 मिलिमीटर आणि स्त्रीत सुमारे 10 मिलिमीटर लांब असतो. एकदा वाढलेली कूर्चा इस्ट्रोजेनमुळे आकसत नाही आणि जाड झालेले तंतू पुन्हा बारीक होत नाहीत. उलट बाजूनं पाहिलं, तर ट्रान्स पुरुषाने टेस्टोस्टेरॉन सुरू केलं की काही महिन्यांतच त्याचा आवाज खाली उतरू लागतो. औषधानं आवाज खाली नेता येतो, वर आणता येत नाही. म्हणून ट्रान्स स्त्रीला आवाज शिकावा लागतो.

किती शिकावा लागतो, ते आधी मोजून पाहू. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 100 ते 120 वेळा थरथरतात, स्त्रीचे 200च्या आसपास. हे आकडे गाणाऱ्या माणसाला लगेच कळतील अशा भाषेत सांगता येतात. 110 हर्ट्झला षड्ज मानला, तर 165 हर्ट्झवर पंचम येतो आणि 220वर तार षड्ज. ऐकणाऱ्याच्या कानाला आवाज बाईचा वाटण्याची शक्यता साधारण 155-160च्या पुढे वाढू लागते, असं या विषयावरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे तार षड्ज गाठण्याची गरज नाही. पंचमाच्या आसपास बोलणं स्थिरावलं आणि धैवतापर्यंत सहज जाता आलं, तरी पट्टीपुरतं काम झालं. एवढी चढण बहुतेक निरोगी गळ्यांच्या आवाक्यातली असते. घसा न ताणता वरच्या पट्टीत बोलणारे कितीतरी पुरुष आपल्या आजूबाजूला आहेत.

आणि खरी अडचण इथेच सुरू होते. पट्टी चढवली की आवाज बाईचा होतो, असा जवळजवळ सगळ्यांचा समज असतो. विनोदी नाटकात एखादा नट लुगडं नेसून किनऱ्या आवाजात बोलतो तेव्हा त्याची पट्टी बहुतेक बायकांपेक्षाही वर असते, तरी प्रेक्षागृहात एकाचीही फसगत होत नाही. घरी एकट्यानं सराव सुरू करणाऱ्या अनेकजणी नेमक्या याच ठिकाणी अडकतात. फोनवरच्या ॲपमध्ये आकडा 200 दाखवतो, पण रेकॉर्डिंग ऐकलं की रडू येतं. त्यांना वाटतं, आपला गळाच नालायक आहे. गळ्याचा काही दोष नसतो. त्या ज्या गोष्टीचा पाठलाग करत असतात, ती कामाचा एक तुकडा असते आणि माझ्या मते सर्वांत सोपा तुकडा असते.

दुसरा तुकडा घुमाऱ्याचा. नळाखाली कळशी भरताना आवाज कसा चढत जातो, ते आठवा. धार तीच असते, पण आतली हवेची पोकळी लहान होत जाते आणि घुमारा बदलतो. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी प्रौढ पुरुषात साधारण 17 सेंटिमीटर आणि स्त्रीत 14-15 सेंटिमीटर लांब असते. नळी लांब तर घुमारा खोल, आखूड तर उजळ. स्वरतंतूंनी निर्माण केलेल्या नादातले काही भाग ही पोकळी उचलून धरते, काही दाबते. उचलल्या गेलेल्या भागांना ध्वनिशास्त्रात फॉर्मन्ट म्हणतात. 1952मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गॉर्डन पीटरसन आणि हॅरॉल्ड बार्नी यांनी 76 जणांचे स्वर मोजले. त्यात ‘ई’ या स्वराचा दुसरा फॉर्मन्ट पुरुषांत सरासरी 2290 हर्ट्झवर आणि स्त्रियांत 2790वर आढळला. कोणत्या पट्टीत ‘ई’ म्हटलं, याच्याशी या फरकाचा थेट संबंध नाही. हा पोकळीचा फरक आहे.

पट्टी आणि पोकळी यांतलं कान काय धरतात? 2009मध्ये जेम्स हिलनब्रँड आणि मायकल क्लार्क यांनी ध्वनिमुद्रित आवाजांत संगणकाने फेरफार करून हे तपासलं. पुरुषाच्या आवाजाची फक्त पट्टी चढवली, तर ऐकणाऱ्यांना तो बहुतेक वेळा पुरुषाचाच वाटत राहिला. फक्त फॉर्मन्ट चढवले, तरी तेच. दोन्ही एकत्र चढवल्यावर मात्र बहुतेकांना आवाज बाईचा वाटू लागला. घरच्या सरावात रडू आणणारं रेकॉर्डिंग या प्रयोगाने पुरतं उलगडतं. पट्टी बाईची आणि घुमारा पुरुषाचा असला, की कान गोंधळतो आणि त्याला काहीतरी बनावट असल्याचा भास होतो.

आता कोणी म्हणेल, नळीची लांबी तर हाडामांसाची, ती कशी बदलणार? या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर उत्तर वाटतं आणि ते लहान मुलांकडून मिळालं आहे. कंठ फुटण्याआधी मुलगा आणि मुलगी यांच्या स्वरयंत्रांत आणि घशाच्या लांबीत फारसा फरक नसतो. तरीही 1973मध्ये जॅकलिन सॅक्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी अशा मुलामुलींचे आवाज नुसते ऐकवले, तेव्हा ऐकणाऱ्यांनी बहुतेक वेळा मुलगा की मुलगी हे बरोबर ओळखलं. मुलांची पट्टी मुलींपेक्षा खाली नव्हती. त्यांचे फॉर्मन्ट मात्र खाली होते. शरीर अजून वेगळं झालेलं नसताना मुलगे ओठ, जीभ आणि घसा वेगळे वापरत होते. कोणीही शिकवलेलं नसताना, वडील, काका, मोठे भाऊ ऐकून ऐकून त्यांनी पोकळी लांब करण्याची सवय लावून घेतली होती. जी सवय पाच-सहा वर्षांचं मूल नकळत लावून घेतं, ती मोठेपणी समजून उमजून बदलता येते. आवाज प्रशिक्षणाचा पाया एवढाच आहे.

पट्टीतही समाजाचा वाटा आहे. ऑस्ट्रेलियात तरुण स्त्रियांच्या 1945 आणि 1993च्या ध्वनिमुद्रणांची तुलना केली, तेव्हा सरासरी पट्टी 229 हर्ट्झवरून 206वर आलेली दिसली. अर्ध्या शतकात बायकांचे स्वरतंतू जाड झाले नव्हते. त्यांचं जगणं बदललं होतं.

पट्टी आणि घुमारा यांनंतरची तिसरी गोष्ट सांगायला कठीण आणि ऐकायला सोपी आहे. एकाच पट्टीत एक आवाज जड वाटतो आणि दुसरा हलका. स्वरतंतू जाड ठेवून एकमेकांवर घट्ट मिटले की प्रत्येक कंपनात ते जास्त वेळ बंद राहतात. नादाच्या वरच्या थरांना जोर येतो आणि आवाजात एक जाडसर झणझण उतरते. तंतू ताणून त्यांच्या कडाच तेवढ्या थरथरू दिल्या, तर तोच स्वर हलका होतो. हे काम मुख्यतः दोन स्नायू करतात. एक खुद्द तंतूच्या आत असतो, तो त्याला आखूड आणि जाड करतो. दुसरा स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला असतो, तो तंतूंना ताणतो. या दोघांमधला तोल म्हणजे आवाजाचं वजन. अनुभवी प्रशिक्षक पहिल्या भेटीत पट्टीपेक्षा आधी याकडे कान देतात.

प्रत्यक्ष शिकवणीची सुरुवात बहुधा हाताच्या बोटाने होते. कंठमण्यावर बोट ठेवून गिळायचं. गिळताना स्वरयंत्र वर सरकतं, जांभई देताना खाली जातं. ज्या अवयवाकडे आयुष्यभर लक्ष गेलेलं नाही, तो हलतो हे बोटाला कळलं, की त्याला मुद्दाम थोडं वर नेता येतं. स्वरयंत्र वर आलं म्हणजे नळी आखूड झाली. मग धापा टाकण्याचा खेळ: आधी मोठ्या कुत्र्यासारखं खोल, मग छोट्या पिल्लासारखं. यात स्वर अजिबात नसतो, फक्त हवा असते, आणि तरी दोन धापांच्या रंगातला फरक स्पष्ट ऐकू येतो. तो फरक पोकळीचा असतो. कुजबुजण्याचा सरावही याच कारणासाठी करतात. कुजबुजताना स्वरतंतू थरथरतच नाहीत, त्यामुळे पट्टी हा विषय बाजूला पडतो आणि कान घुमाऱ्याकडे वळतो. कुजबुजीत आवाज उजळ करता आला की त्यात हळूच नाद मिसळायचा.

जिभेला आणि ओठांनाही काम असतं. जीभ थोडी वर आणि पुढे, ओठांचे कोपरे किंचित फाकलेले. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007मध्ये दहा ट्रान्स स्त्रियांना पाच सत्रांत फक्त एवढंच शिकवलं, पट्टीबद्दल काही सांगितलं नाही. त्यांचे फॉर्मन्ट चढले आणि सोबत पट्टीही थोडी वर गेली.

मराठीत शिकताना ‘ई’ हा मित्र असतो आणि ‘आ’ परीक्षा घेतो. ‘ई’ म्हणताना जीभ आपोआप पुढे-वर असते. ‘आ’ म्हटलं की जबडा उघडतो, जीभ खाली आणि मागे पडते, आणि जुना घुमारा एका क्षणात परत येतो. म्हणून ‘ई’ची जागा पकडून तिथून ‘ए’वर आणि मग ‘आ’वर यायचं, असा क्रम सोयीचा पडतो. आधी ‘मीना’, ‘नीता’, ‘मी येते’. ‘बाबा’, ‘काका’, ‘मामा’ पुष्कळ नंतर. ‘म’ आणि ‘न’ने सुरू होणारे शब्द सुरुवातीला उपयोगी पडतात, कारण या अनुनासिकांवर नादाची थरथर ओठांजवळ आणि नाकाच्या मुळाशी जाणवते आणि लक्ष घशाखालून वर येतं. मग एक ते दहा आकडे, सोमवार ते रविवार, वर्तमानपत्रातला उतारा आणि शेवटी गप्पा. गप्पांमध्ये सगळं ढासळतं. काय बोलायचं याकडे मन गेलं की गळा जुन्या घरी परततो. प्रशिक्षणाचे बहुतेक महिने या एका टप्प्यावर खर्च होतात आणि त्यात निराश होण्यासारखं काही नाही.

सरावाआधी गळा मोकळा करावा लागतो. अर्धा पेला पाण्यात स्ट्रॉ बुडवून, बुडबुडे काढत ‘ऊ’ म्हणणं, ओठ फुरफुरवत खालून वर आणि वरून खाली जाणं, तोंड मिटून गुणगुणणं. आवाज स्ट्रॉमधून गेल्याने ओठांकडून मागे येणारा हवेचा दाब तंतूंना आधार देतो आणि ते कमी मारात थरथरतात. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं केलेला सराव एकदम तासभर केलेल्यापेक्षा बरा. घसा दुखला, घोगरा झाला, मानेचे स्नायू ताठले तर थांबायचं. दुखणं हे प्रगतीचं लक्षण नव्हे. आवाज आधीपासून बसलेला असेल, तर सराव सुरू करण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत.

एका सापळ्याबद्दल मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. हळू, श्वास मिसळलेल्या, दबक्या आवाजात बोललं की ते बायकी वाटतं, अशी एक समजूत आहे आणि जुन्या उपचारपद्धतींत तिला खतपाणीही मिळालं. बाई नरमाईनं बोलते, वाक्य अर्धवट सोडते, ठाम विधान टाळते, असलं काहीबाही ट्रान्स स्त्रियांना शिकवलं गेलं. मंडईत भाजी विकणाऱ्या बाईचा आवाज ऐका. तो खणखणीत असतो, दहा गाळ्यांपलीकडे पोचतो आणि कोणीही तिला पुरुष समजत नाही. गंगूबाई हनगल यांचा आवाज आजारपणानंतर खाली उतरला आणि त्याच भारदस्त आवाजात त्या पुढे अनेक दशकं गायल्या. दबकं बोलणं शिकलेली ट्रान्स स्त्री गर्दीच्या लोकलमध्ये आपलं स्टेशन विचारू शकत नाही. मोठ्यानं बोलताना तंतू आपोआप घट्ट मिटतात आणि वजन परत येतं, म्हणून हाक मारणं हा स्वतंत्र शिकण्याचा विषय आहे. तो मागे ठेवू नये.

इंग्रजीत शिकणाऱ्या स्त्रीला जी अडचण येत नाही, ती मराठीत येते. ‘मी जाते’, ‘मी आले’, ‘मी बसले होते’ अशी कितीतरी साधी वाक्यं बोलणारीचं लिंग सांगून जातात. वीस-तीस वर्षं ‘मी आलो’ म्हणत आलेल्या तोंडाला क्रियापद आणि घुमारा दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात आणि थकलेल्या संध्याकाळी दोन्ही सोबतच निसटतात. म्हणून सरावाची वाक्यं पहिल्यापासून स्त्रीलिंगी क्रियापदांसकट घ्यावीत. आवाज आधी आणि व्याकरण नंतर, असं करू नये. एकाची आठवण दुसऱ्याला धरून ठेवते. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि कोणालाही शंका येत नाही. त्या भागात वाढलेल्या ट्रान्स स्त्रीनं आपली बोली सोडून पुण्याची क्रियापदं घ्यायलाच हवीत, असं मला मुळीच वाटत नाही.

शिकलेलं टिकतं का? अमेरिकेतल्या मेरीलू गेल्फर आणि रूथी टाइस यांनी 2013मध्ये आठ आठवड्यांच्या उपचारानंतर पुन्हा 15 महिन्यांनी त्याच स्त्रियांचे आवाज तपासले. पट्टी थोडी घसरली होती, पण उपचारापूर्वीच्या पातळीपेक्षा वरच होती. आठ आठवड्यांच्या कामाला हे चांगलं फळ आहे, आणि सराव चालू ठेवायला हवा हेही त्यातून दिसतं.

शस्त्रक्रियेचा पर्यायही आहे. जपानच्या नोबुहिको इश्शिकी यांनी 1970च्या दशकात दोन कूर्चा जवळ बांधून तंतू ताणण्याची पद्धत मांडली. जर्मनीच्या युर्गेन वेंडलर यांची पद्धत आज अधिक वापरात आहे. तिच्यात तंतूंचा पुढचा भाग एकमेकांना शिवून थरथरणारी लांबी कमी करतात. पट्टी चढते, पण घुमारा बदलत नाही, कारण वरची नळी तेवढीच राहते. आवाजाचा जोर आणि पल्ला काहीसा घटू शकतो. शस्त्रक्रियेनंतरही प्रशिक्षण लागतंच.

आपल्याकडे हे शिकवू शकणारे लोक आहेत. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचाउपचारतज्ज्ञ तयार होतात. कंठ फुटायच्या वयातही ज्यांचा आवाज बारीकच राहतो, अशा मुलांना खालच्या पट्टीत बोलायला शिकवणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे. साधनं तीच असतात, दिशा उलटी असते. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी 2019मध्ये झालेल्या कायद्याच्या पंधराव्या कलमात शस्त्रक्रिया, हार्मोन, समुपदेशन आणि विम्याचा उल्लेख आहे. ज्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्य पुस्तिका काढावी असं ते कलम म्हणतं, तिच्या 2022च्या आवृत्तीत आवाजावर एक पूर्ण प्रकरण आहे. आवाजाच्या उपचाराला ‘सौंदर्यप्रसाधन’ म्हणून बाजूला सारणं त्यामुळे मला अन्यायाचं वाटतं. ज्या आवाजामुळे रिक्षात, घर भाड्याने घेताना, रात्रीच्या रस्त्यावर धोका वाढतो, त्याचा प्रश्न दिसण्यापुरता नसतो.

प्रत्येक ट्रान्स स्त्रीला हे करायचं असतं असं नाही. तृतीयपंथी समाजातल्या अनेकजणी आपल्या जाड आवाजातच बोलतात, भांडतात, आशीर्वाद देतात, आणि त्यात त्यांना काही उणं वाटत नाही. काहीजणींना मधला आवाज हवा असतो. ध्येय बोलणारीनं ठरवायचं. तज्ज्ञानं आधी ते विचारून घ्यावं आणि मगच शिकवायला बसावं.

ज्यांना बदल हवा असतो, त्यांतल्या बऱ्याचजणी काही काळ दोन आवाज बाळगतात: एक मैत्रिणींमध्ये, दुसरा गावाकडे आईशी फोनवर बोलताना. घरी सांगितलेलं नसेल तर दुसरा मार्गही नसतो. पण रोज मागे-पुढे करण्यात शिकणं मंदावतं आणि गळाही दमतो. नवा आवाज सगळीकडे एकदम वापरायचा धीर होत नसेल, तर एक माणूस निवडावा, मैत्रीण, बहीण, नाहीतर रोजच्या दुकानातली बाई, आणि तिच्याशी दुसऱ्या कोणत्याही आवाजात बोलू नये. तिथे खोकला आला, हसू फुटलं, शिंक आली, तर तेही त्याच आवाजात यावं म्हणून घरी खोकून, हसून, शिंकून सराव करावा. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अनुभवी वाचाउपचारतज्ज्ञ त्यासाठी सत्रात वेगळा वेळ ठेवतात.